लाल्या, फवारणी आणि परभक्षी कोळी

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा ढीग पडला की व्यापाऱ्याची नजर आधी सालीवर जाते. साल तांबूस-करडी, खरबरीत झालेली असेल तर आतली फोड कितीही रसाळ असो, भाव खाली येतो. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी भागातले बागाईतदार याला लाल्या म्हणतात, आणि लाल्या दिसला की फवारणीचा पंप बाहेर निघतो. हा लाल्या बुरशीचा नाही, खताच्या कमतरतेचाही नाही. फिलोकॉप्ट्रुटा ओलिव्होरा नावाचा अतिसूक्ष्म कोळी सालीतल्या पेशी टोचून त्यातला रस शोषतो. त्या पेशी मरतात आणि फळ वाढते तसा डागही पसरतो. या कोळ्याची लांबी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी असते, त्यामुळे भिंगाशिवाय तो दिसत नाही. डाग डोळ्यांना दिसू लागतो तोवर कोळी बहुधा नव्या, हिरव्या सालीकडे सरकलेला असतो. म्हणजे फवारणी होते ती पुष्कळदा नुकसान होऊन गेल्यावर. त्या फवारणीत लाल्याचा कोळी किती मरतो आणि त्याला खाणारा कोळी किती मरतो, हा प्रश्न विदर्भाच्या संत्रापट्ट्यात फारसा कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा, म्हणून हा आढावा.

संत्र्यावर आणखी एक कोळी येतो, युटेट्रानिकस ओरिएंटॅलिस हा लाल कोळी. हा पानाच्या वरच्या बाजूवर, मधल्या शिरेच्या कडेने बसतो. त्याने रस शोषला की पानावर बारीक पांढुरके ठिपके उमटतात, पुढे सगळे पान राखाडी होते, आणि झाडाला पाण्याचा ताण असेल तर पाने गळतात. कोरडी हवा, ऊन आणि कच्च्या रस्त्याची धूळ यांत त्याची वाढ जोरात होते. दोन्ही कोळी आहेत, कीटक नाहीत. ही केवळ वर्गीकरणातली बाब नव्हे. कीटकांसाठी बनवलेली अनेक औषधे कोळ्यांवर नीट चालत नाहीत, मात्र कोळ्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना आणि परभक्षी कोळ्यांना ती पुरेपूर मारतात. सायला किडीसाठी किंवा पाने पोखरणाऱ्या अळीसाठी फवारलेले औषध पुढच्या महिन्यातल्या कोळ्यांच्या उद्रेकाची तयारी करून जाते, ते असे.

परभक्षी कोळी म्हणजे प्रामुख्याने फायटोसीडी कुळातले कोळी. जगभरात त्यांच्या सुमारे अडीच हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. आकार अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी, अंग थेंबासारखे चकचकीत, रंग फिकट पिवळसर ते नारिंगी, आणि चाल झपाझप. पानाच्या मागच्या बाजूला दहापट भिंग लावले की शिरांच्या बेचक्यात ते सापडतात. रस शोषणारा कोळी मंद चालतो, हा धावतो. नव्या माणसाला दोघांतला फरक ओळखायला एवढी खूण पुरते. याला डोळे नाहीत. भक्ष्याचा माग तो वासाने काढतो. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मॉरिस सॅबेलिस आणि मार्सेल डिके यांनी यावर केलेले काम मला या शास्त्रातले फार मोलाचे वाटते. कोळ्यांनी रस शोषलेले पान हवेत विशिष्ट गंधद्रव्ये सोडते आणि परभक्षी कोळी त्या गंधाच्या दिशेने येतो, हे त्यांनी दाखवले. शिकाऱ्याला बोलावण्यात झाडाचाच हात असतो. अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत अनुकूल हवेत परभक्षी कोळ्याला साधारण आठवडाभर किंवा त्याहून कमी वेळ लागतो. म्हणून शत्रू वाढला की हा त्याच्या मागोमाग वाढू शकतो, आणि ढालकिड्यासारखे मोठे मित्रकीटक जिथे उपाशी राहून निघून जातात तिथे तो थोडक्या भक्ष्यावर तग धरतो.

शिकारी आणि शिकार एकत्र नांदतात कसे, हा परिसरशास्त्रातला जुना प्रश्न सोडवायला जो प्रयोग झाला तो संत्र्यांवरच झाला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कार्ल हफेकर यांनी १९५८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी ट्रेमध्ये संत्री मांडली, मध्ये मध्ये तेवढ्याच आकाराचे रबरी चेंडू ठेवले, आणि संत्र्यांचा बराचसा भाग झाकून कोळ्यांना खायला थोडीच साल मोकळी ठेवली. त्यावर संत्र्याची साल शोषणारा एक कोळी सोडला आणि पाठोपाठ टिफ्लोड्रोमस ऑक्सिडेंटॅलिस हा परभक्षी. संत्री जवळ जवळ, वाटा सरळ, अशी मांडणी असली की परभक्षी सगळे भक्ष्य शोधून संपवत असे आणि मग स्वतः उपासमारीने नाहीसा होत असे. शेवटच्या मांडणीत हफेकर यांनी २५२ संत्री घेतली, वाटेत व्हॅसलिनचे अडथळे घातले, आणि भक्ष्य कोळ्यांना जाळ्याच्या धाग्यावर लोंबकळत दुसरीकडे जाता यावे म्हणून लहान काड्या उभ्या केल्या. आता भक्ष्य एका संत्र्यावर संपले तरी दुसऱ्यावर उरत होते, परभक्षी उशिरा तिथे पोहोचत होता, आणि दोघांच्या संख्येची चढ-उतार तीन वेळा पूर्ण झाली. बागाईतदाराने यातून घ्यायचे ते हे, की शत्रू कोळी शून्यावर आणायचा हट्ट धरला तर परभक्षीही जातो, आणि पुढच्या वेळी बाहेरून आलेल्या शत्रूला रोखायला बागेत कोणी उरत नाही. थोडा शत्रू बागेत असणे ही परभक्षी टिकण्याची अट आहे. आपल्याकडे फवारणीचा सल्ला देताना ही अट जवळजवळ कधीच सांगितली जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि पाठोपाठ फॉस्फरसयुक्त कीटकनाशके फळबागांत आली, तोवर युरोप-अमेरिकेत लाल कोळी ही किरकोळ कीड होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती मोठी कीड झाली. परभक्षी मेले आणि लाल कोळ्याने मात्र औषध पचवायला शिकून घेतले. त्यावर उतारा म्हणून कोळीनाशके आली. त्यांतले सर्वांत जास्त वापरले गेलेले डायकोफॉल हे डीडीटीचेच जवळचे नातेवाईक. ते टिकाऊ प्रदूषक म्हणून २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि भारत सरकारने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. विदर्भातल्या संत्रा-मोसंबीच्या शिफारशींत लाल्यासाठी वर्षानुवर्षे डायकोफॉलचे नाव पहिल्या काहींत असे. ते गेल्यावर त्याच्या जागी दुसरे कोणते औषध, एवढीच चर्चा झाली. पद्धत बदलायची ती एक चांगली संधी होती.

वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदाच्या बागांत मात्र १९६० च्या दशकात स्टॅनली हॉइट यांनी वेगळी वाट धरली. हफेकर यांच्या प्रयोगातल्याच परभक्षी कोळ्याच्या काही वसाहती फॉस्फरसयुक्त औषधाला तोंड देऊन जगत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी सफरचंदातल्या अळीसाठीची फवारणी पूर्ण बंद केली नाही. औषध, मात्रा आणि वेळ अशी निवडली की परभक्षी वाचावा. कोळीनाशकांचा खर्च एकदम उतरला. बाटलीत भरलेले परभक्षी कोळी विकत आणावे लागले नाहीत.

बाटलीतून आणायचा मार्ग काचघरांनी दाखवला. फायटोसियुलस पर्सिमिलिस या जातीचे वर्णन क्लेअर आतियास-आँरियो यांनी १९५७ मध्ये अल्जीरियातून केले. त्याच सुमारास चिलीहून जर्मनीला गेलेल्या ऑर्किडच्या रोपांवर ती आढळली आणि प्रयोगशाळांत वाढू लागली. नेदरलँड्समधले काकडी उत्पादक यान कोपर्ट यांना रासायनिक औषधांचा त्रास होत असे. त्यांनी १९६७ मध्ये हा कोळी आपल्या काचघरात वापरला, मग शेजाऱ्यांना दिला, आणि त्यातून मित्रकिडींचा एक मोठा उद्योग उभा राहिला. पर्सिमिलिस जवळजवळ फक्त जाळे विणणाऱ्या टेट्रानिकस कोळ्यांवर जगतो, दिवसाला त्यांची वीसेक अंडी किंवा पाचेक प्रौढ खातो, आणि त्याला दमट हवा लागते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किंवा पुणे भागातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब आणि ढोबळी मिरची हे याच नमुन्याचे काम आहे. शत्रू तोच, दोन ठिपक्यांचा जाळेदार कोळी, आणि हवा ताब्यात ठेवता येते. उघड्यावरच्या संत्र्याला हा नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि पर्सिमिलिसचे यश ऐकून नागपुरात कोणी त्याच्या बाटल्या मागवायला निघाला तर मी त्याला थांबवीन.

उघड्या शेतात परभक्षी कोळ्याने मिळवलेला सर्वांत मोठा विजय आफ्रिकेतला आहे. कसाव्याचा हिरवा कोळी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेतून युगांडात पोहोचला आणि तिथून खंडभर पसरला. कोट्यवधी गरीब कुटुंबांचे मुख्य अन्न धोक्यात आले. ज्यांना औषध परवडतच नव्हते अशांचे हे पीक होते. शास्त्रज्ञांनी कोळ्याच्या मूळ देशात शोध घेतला, कित्येक जाती आणून पाहिल्या, आणि बऱ्याच फसल्या. ब्राझीलहून आणलेला टिफ्लोड्रोमॅलस आरिपो १९९३ मध्ये बेनिनमध्ये सोडला, तो टिकला. कारण तो कसाव्याच्या शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत दिवसभर लपतो आणि रात्री पानांवर शिकारीला उतरतो. कोरड्या ऋतूत त्या शेंड्याने त्याला वाचवले. मला इथे महत्त्वाचा वाटतो तो आसरा. परभक्षी कोणता सोडला यापेक्षा वाईट दिवसांत तो राहणार कुठे, यावर यश ठरले.

भारतात हे शास्त्र पोरके नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात जी. पी. चन्नबसवण्णा यांनी कोळीशास्त्राची परंपरा उभी केली, आणि कृषी-कोळीशास्त्राचा अखिल भारतीय नेटवर्क प्रकल्प तिथूनच चालतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या एस. के. गुप्ता यांनी १९८६ मध्ये भारतातल्या फायटोसीडी कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ दिला. आपल्याकडे सर्वांत जास्त अभ्यास झालेली जात निओसेयुलस लाँगिस्पिनोसस. तिचे मूळ वर्णन १९५२ चे, आणि ती आशियाच्या उष्ण भागात भरपूर आढळते. चहाच्या मळ्यांतला लाल कोळी, भाज्या, गुलाब, स्ट्रॉबेरी यांवर तिच्या चाचण्या झाल्या आहेत. तिला वाढवणे अवघड नाही. घेवड्याची रोपे लावायची, त्यांवर जाळेदार कोळी वाढू द्यायचा, मग त्यावर परभक्षी सोडायचा आणि भरलेली पाने शेतात नेऊन ठेवायची. कृषी विज्ञान केंद्रात ट्रायकोकार्ड बनवणाऱ्या माणसाला हे काम शिकता येईल. कायद्याचीही मोठी आडकाठी नाही. कीटकनाशक कायद्याखाली जैविक बुरशी-जिवाणूंची नोंदणी लागते, पण परभक्षी आणि परोपजीवी किडींना ती लागत नाही. परदेशी जात आणायची असेल तर मात्र परवानगी आणि विलगीकरणाचे नियम आहेत, आणि ते असलेच पाहिजेत.

मग नागपूरचे अडते कुठे? पहिली गोष्ट हवामानाची. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता पार तळाला जाते. फायटोसीडींची अंडी कोरड्या हवेत सुकतात. बहुतेक जातींत आर्द्रता निम्म्याच्या खाली गेली की अंडी फुटण्याचे प्रमाण झपाट्याने घटते. शत्रू कोळ्याला त्याच हवेत बरे वाटते. पण पान जिवंत असते, ते बाष्प सोडत असते, आणि पानाच्या मागच्या बाजूला चिकटून जो हवेचा पातळ थर असतो तो भोवतालच्या हवेपेक्षा दमट असतो. परभक्षी कोळी जगतात ते त्या थरात. आता मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरायच्या फुलोऱ्याचा, विचार करा. तो धरायचा म्हणजे ऐन उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून ताण द्यायचा. पाने कोमेजतात, बाष्प थांबते, तो दमट थर नाहीसा होतो. ताणाच्या बागेत पावसापूर्वी लाल कोळी का उसळतो याचे कारण मला इथे दिसते. हा माझा तर्क आहे, पण भिंग घेऊन दोन शेजारच्या बागा, एक आंबिया म्हणजे हिवाळ्यानंतरच्या बहाराची, ओलिताखालची आणि एक मृगाची ताणावरची, तपासल्या तर त्याची परीक्षा सहज होऊ शकते. ती परीक्षा कोणी पद्धतशीर घ्यावी, असे मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट जातीच्या निवडीची. जेम्स मॅकमर्ट्री आणि ब्रायन क्रॉफ्ट यांनी १९९७ मध्ये परभक्षी कोळ्यांची त्यांच्या आहारावरून विभागणी केली. एका टोकाला पर्सिमिलिस, फक्त जाळेदार कोळी खाणारा. दुसऱ्या टोकाला युसियस, जो कोळी, फुलकिड्यांची पिल्ले, पांढऱ्या माशीची अंडी आणि मुख्य म्हणजे परागकण खातो. लिंबूवर्गीय झाडांचा खरा सोबती युसियस आहे. कॅलिफोर्नियात युसियस टुलारेन्सिस, स्पेनमध्ये युसियस स्टिपुलॅटस, दक्षिण आफ्रिकेत युसियस अडोएन्सिस, आणि भारतात युसियस अल्स्टोनी व इतर जाती. संत्र्यावरचा युटेट्रानिकस दाट जाळे विणत नाही, म्हणून जाळ्यातला शिकारी निओसेयुलस इथे दुय्यम ठरतो आणि उघड्या पानावर फिरणारा युसियस कामाचा. बाटलीत भरून विकायला युसियस तितका सोयीचा नाही, त्यामुळे व्यापाराचे लक्ष त्याच्याकडे कमी गेले. त्याला विकत घेण्यापेक्षा बागेत पोसणे सोपे आहे.

पोसायचे म्हणजे परागकण द्यायचे. एरंडाचे परागकण हे युसियसचे आवडते अन्न आहे, आणि प्रयोगशाळांत तो त्यावरच वाढवतात. मक्याचे परागकणही चालतात. एरंड विदर्भाला नवा नाही. कपाशीच्या धुऱ्यावर सापळा पीक म्हणून तो लावतातच. चीनच्या ग्वांगडाँग भागात संत्रावर्गीय बागांमध्ये जमिनीवर ओसाडीचे तण मुद्दाम वाढू दिले गेले. आपल्या पडीत रानात दिसते तेच, निळसर फुलांचे, उग्र वासाचे. त्याचे परागकण आणि त्याखालचा गारवा यांमुळे परभक्षी कोळी बागेत टिकले आणि लाल कोळ्याची फवारणी कमी झाली. १९७० च्या दशकानंतर तिथे हजारो हेक्टरांवर ही पद्धत गेली. स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात मात्र उलटसुलट अनुभव आला. तिथे सरसकट तण वाढू दिल्यावर जाळेदार कोळ्याला आणखी आसरा मिळाला, आणि फेस्क्यु जातीचे गवत पेरलेल्या बागांत तो कमी राहिला.  तेव्हा कुठलेही तण चालेल असे म्हणून भागत नाही. कोणते, ते जागेवर पाहावे लागते.

विदर्भातली प्रथा याच्या नेमकी विरुद्ध आहे. आंबियाचा ताण असो की मृगाचा, बाग वखरून, नांगरून लख्ख केली जाते. स्वच्छ बाग म्हणजे कष्टाळू शेतकरी, ही समजूत खोल आहे आणि तिच्यामागे पाणी वाचवण्याची खरी गरजही आहे. काळ्या जमिनीत तण पाण्याला भागीदार होते हे नाकारता येत नाही. म्हणून अख्ख्या बागेत तण ठेवा असे मी म्हणणार नाही. पण धुऱ्यावर एरंडाची ओळ, वाऱ्याच्या बाजूला मक्याच्या दोन ओळी, आणि दोन ओळींच्या मधला पट्टा एकाआड एक वखरायचा, एवढे परवडणारे आहे. रस्त्याकडेच्या झाडांवरची धूळ साध्या पाण्याने धुऊन काढणे हाही छोटा पण खरा उपाय आहे. धुळीने लाल कोळी वाढतो, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्यातला बराचसा खाली पडतो.

लाल्याचे उत्तर इतके सरळ नाही. लाल्या आणणारा फळावरचा गंज-कोळी फारच लहान, त्याची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात पुरी होते, आणि एका फळावर तो हजारोंनी असू शकतो. फायटोसीडी त्याला खातात, पण केवळ त्यांच्या बळावर लाल्या आटोक्यात राहील असे जगभरच्या अनुभवावरून म्हणता येत नाही. त्याचा मोठा शत्रू एक बुरशी आहे, हिर्सुटेला थॉम्पसोनी. फ्लोरिडाच्या दमट बागांत ती गंज-कोळ्याच्या वसाहतीच्या वसाहती संपवते. कोकणातल्या वाचकांना तिचे नाव नारळामुळे माहीत असेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नारळावरचा इरिओफाईड कोळी केरळात आला आणि किनाऱ्याने वर सरकला, तेव्हा बंगळूरच्या जैविक नियंत्रण संस्थेने याच बुरशीचे औषध विकसित केले होते. विदर्भात पावसाळ्यातल्या दमट आठवड्यांत ही बुरशी कामाची ठरू शकते, कोरड्या दिवसांत नाही. आणि फ्लोरिडातलाच एक धडा आपल्याला बोचणारा आहे. तांब्याच्या बुरशीनाशकांनी ही बुरशीही मरते आणि पाठोपाठ गंज-कोळी वाढतो. डिंक्या या खोडाच्या रोगासाठी तांब्याचेच बोर्डो मिश्रण ही इथल्या संत्राशेतीची गरज आहे. खोडाला बोर्डो मलम लावा, ते योग्यच आहे. पण सगळ्या झाडावर गरज नसताना बोर्डोची फवारणी करणे लाल्याला मदत करू शकते.

मित्रांना ओळखायचे म्हणजे कोळशीचा इतिहासही आठवायला हवा. काळ्या माशीच्या पिल्लांच्या चिकट द्रवावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीने विदर्भातल्या बागा अनेकदा काळ्याठिक्कर पडल्या, आणि प्रत्येक वेळी फवारणीचा मारा झाला. हीच काळी माशी १९३५ मध्ये मेक्सिकोत पोहोचली तेव्हा तिकडचा संत्राउद्योग मोडायला आला होता. १९४९-५० मध्ये अमेरिकन कीटकतज्ज्ञ हर्बर्ट स्मिथ भारत-पाकिस्तानात आले, इथल्या झाडांवरच्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्या त्यांनी गोळा केल्या आणि मेक्सिकोला पाठवल्या. त्या माश्यांनी काळी माशी आटोक्यात आणली. १९७६ मध्ये फ्लोरिडात ती आली तेव्हाही त्याच माश्यांनी काम केले. उपखंडातले मित्र दोन देशांच्या संत्र्याला वाचवून आले, आणि आपण आपल्या बागांत त्यांना औषधाने मारत राहिलो, याचे मला खरोखर दुःख आहे.

फवारणीचा हिशेब फक्त कोळ्यांपुरता राहत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पीक वेगळे होते, पण दुकानातून मिळणारा सल्ला, दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची सवय आणि हातमोज्यांविना हात संत्र्याच्या बागेतही तेच आहेत. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो माणसाला असलेला धोका सांगतो. मित्रकीटकांबद्दल आणि परभक्षी कोळ्यांबद्दल त्यावर एक अक्षर नसते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे परभक्षी कोळ्यांना अतिशय घातक आहेत आणि त्यांचा अंश आठवडेच्या आठवडे पानावर राहतो. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने लाल कोळ्याची अंडी घालण्याची क्षमता वाढल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. याउलट बागायती खनिज तेल सुकल्यावर परभक्षींना फारसे बाधत नाही. पाण्यात विरघळणारे गंधक लाल्यावर चालते, पण कडक उन्हात पाने जाळते आणि परभक्षींनाही काही प्रमाणात मारते. युरोपात प्रत्येक औषधाचा मित्रकिडींवरचा परिणाम चार पायऱ्यांत मोजून शेतकऱ्यासमोर ठेवतात. आपल्या शेतकऱ्याला ही माहिती मराठीत, एका पानावर मिळायला काय अडचण आहे?

साधने नागपुरात आहेत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आणि लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र, जे आता केंद्रीय संस्था झाले आहे, १९८५ पासून इथे काम करत आहेत. शिवाय केंद्र सरकारचे एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र, जुने कृषी महाविद्यालय, आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. इतक्या संस्था एका प्रदेशात असणे हे भाग्य आहे. माझ्या मते त्यांनी पहिले काम संत्रापट्ट्यातल्या फवारणी न झालेल्या जुन्या बागा, धुऱ्यावरची झाडे आणि गावाकडच्या परसातली लिंबे तपासून मे महिन्यातही जगलेल्या परभक्षी कोळ्यांच्या वसाहती शोधण्याचे करावे. हॉइट यांना औषध पचवणारे परभक्षी वॉशिंग्टनच्या बागेतच सापडले. आपल्याला ऊन पचवणारे सापडू शकतात, आणि परदेशातून आणलेल्या कोणत्याही जातीपेक्षा ते मोलाचे असतील. प्रयोगशाळेत वाढवून सोडायची पाळी त्यानंतर येईल.

व्यापाऱ्यांनाही एक सांगणे आहे. लाल्याचा हलका डाग सालीपुरता असतो, त्याने फोडीची चव जात नाही. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या चवीमुळे आणि रसामुळे. हलक्या डागाच्या फळाला रस उद्योगासाठी स्वतंत्र, ठरलेला भाव मिळाला तर निम्मी घाईची फवारणी आपोआप कमी होईल.

आणि बागाईतदारांना विनंती एवढीच: पुढची कोळीनाशकाची फवारणी करण्यापूर्वी दहापट भिंग घ्या, बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या झाडांची पाने उलटी करून पाहा, आणि शिरांच्या बेचक्यात चकचकीत, धावणारे कोळी दिसले तर पंप आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवा आणि पुन्हा मोजा.